भाऱ्याला हात लावणारा

कान रेडिओकडे आणि हात कामात, असं करूनच आपण बाया ऐकत असतो. कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी लेकराला झोपवत असेल.

आज बोलायचं आहे ते संकटात मिळणाऱ्या देवाच्या बळाबद्दल. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे मी सांगणार ते ख्रिस्ती श्रद्धेतून. पण आमच्या बचत गटात सगळ्या जातीधर्मांच्या बाया आहेत, आणि अडचण काही धर्म विचारून दारात येत नाही. तेव्हा जिला जे पटेल ते तिनं पदरात घ्यावं, बाकीचं सोडून द्यावं.

हा विषय गटाच्या बैठकीत निघाला. हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि एकीनं विचारलं, “ताई, तुम्ही म्हणता देव बळ देतो. मग घरातलं आजारपण हटत नाही, कर्ज फिटत नाही, पाऊस वेळेवर येत नाही. देवानं बळ दिलं म्हणजे नक्की दिलं तरी काय?”

प्रश्न चोख आहे. पुष्कळ जणींच्या मनात असतो, पण देवाला वाईट वाटेल म्हणून त्या विचारत नाहीत. आज त्याचंच उत्तर शोधू.

आपल्या रोजच्या कामातलीच एक गोष्ट घ्या. रानात गवताचा भारा बांधला की तो डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालत यायला आपण भीत नाही. मैल दीड मैल आपण चालतो. अडतं कुठे? भारा जमिनीवरून डोक्यावर चढवताना. तिथे एकटीचं काही चालत नाही. मग आपण इकडं तिकडं बघतो, बांधावरून कुणी जात असेल तर हाक मारतो, “अगं, जरा हात लाव गं.” ती येते, हात लावते, भारा डोक्यावर चढतो. भाऱ्याचं वजन तेवढंच असतं. चालायचंही आपल्यालाच असतं. पण जो भारा मघाशी हलत नव्हता, तो आता घरी पोचतो.

माझ्या समजुतीप्रमाणे देवाचं बळ असं असतं. तो भारा उचलून नेत नाही, तो भाऱ्याला हात लावतो. कधी कधी भारा खरंच हलका होतो, आजार बरा होतो, अडलेले पैसे मिळतात, आणि आपण आभार मानतो. पण दर वेळी तसं होत नाही. आणि झालं नाही म्हणजे देव नव्हता, असंही नाही.

पवित्र शास्त्रात एलीया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट आहे. मोठा धीराचा माणूस. राजापुढे उभा राहून खरं बोलणारा. पण राणीनं त्याच्या जिवावर उठायची शपथ घेतली, तेव्हा तो पळाला. रानात गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं आता, माझा जीव घे. बायांनो, असं वाटलेली बाई आपल्यात नाही असं कुणी म्हणू नका. एवढ्या मोठ्या भक्ताला वाटलं, तर आपल्याला वाटणं हे पाप नव्हे आणि दुबळेपणही नव्हे.

आता देवानं काय केलं ते बघा. देव त्याला रागावला नाही. तुझी श्रद्धा कमी पडली, असं म्हणाला नाही. एलीया झोपला होता, त्याला झोपू दिलं. मग देवदूतानं त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. तो जेवला आणि परत झोपला. देवदूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला सांगितलं, कारण पुढची वाट लांब होती. त्या अन्नाच्या जोरावर तो चाळीस दिवस चालला. पुढे देवानं त्याला सांगितलं की तू एकटा नाहीस, अजून सात हजार माणसं माझ्या बाजूची आहेत. आणि अलीशा नावाचा जोडीदार दिला.

म्हणजे देवाचं बळ कशाच्या रूपानं आलं? झोप, भाकर, पाणी आणि सोबत. राणी काही गेली नव्हती. संकट जागच्या जागी होतं. पण झुडपाखाली मरण मागणारा माणूस उठून चालायला लागला.

ही झाली शास्त्रातली गोष्ट. आता आपल्या मातीतली सांगते. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्यांच्या वाट्याला काय काय आलं ते आपल्याला नीट ठाऊक नसतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. बाईनं वेद-शास्त्राची भाषा शिकायची नाही, असा तो काळ. तरी त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत गावोगाव फिरायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले. जाताना त्यांनी लाडक्या लेकीला जवळ घेतलं आणि देवाच्या हाती सोपवलं. पुढच्या काही महिन्यांत आई गेली, मोठी बहीणही गेली. राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

ही दोन भावंडं देशभर पायी फिरली. पायात धड वहाण नाही, अंगावर पुरेसं पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे केले, त्यात बसून मानेपर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. थोडे बरे दिवस आले असं वाटलं, तोच १८८० मध्ये भाऊ आजारी पडून गेला. त्याला शेवटी एकच काळजी होती, माझ्यामागे बहिणीचं कसं होणार. तेव्हा रमाबाई त्याला म्हणाल्या की आपल्या दोघांची काळजी घ्यायला देवाशिवाय आहे कोण? त्यावर तो म्हणाला, देव काळजी घेणार असेल तर मला मग कशाची भीती नाही. 

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. एकोणीस महिने संसार झाला आणि पटकीनं नवरा गेला. १८८२ सालची गोष्ट. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, मनोरमा वर्षाचीही नव्हती. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेले. तेवीस वर्षांची विधवा आणि कडेवर लेकरू. तेव्हाच्या समाजात अशा बाईचं काय व्हायचं ते मी सांगायला नको.

त्या पुण्याला आल्या. बायांसाठी आर्य महिला समाज काढला. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे मुलींच्या शिक्षणासाठी आणि बायांना डॉक्टर करण्यासाठी साक्ष दिली. १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनी समाजसेवेचं काम करायच्या, ज्यांना जगानं टाकून दिलं अशा बायांना मायेनं सांभाळायच्या. ते पाहून रमाबाईंच्या मनानं घेतलं की मला हवा तो देव इथे आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी डोळे मिटून काही स्वीकारलं नाही. मोठ्या धर्मगुरूंशी वाद घातला, पटेपर्यंत विचारत राहिल्या. म्हणून सांगते, देवाला प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा नसणं नव्हे.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं, विधवा मुलींसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे याच शारदा सदनात शिकल्या. पण मुली ख्रिस्ती होतील या भीतीनं १८९३ मध्ये मोठा गहजब झाला. सल्लागार मंडळातल्या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. उभं केलेलं काम डोळ्यांदेखत निम्मं झालं. तरी रमाबाईंनी दार बंद केलं नाही.

आता केडगावचं ऐका. रमाबाईंनी तिथे जमीन घेऊन फळबाग लावली होती, पुढेमागे सदनाला त्याचं उत्पन्न होईल म्हणून. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी वाचली आणि त्यांना स्वतःची भूक आठवली. पाला खाल्लेल्या माणसाला भुकेची बातमी वेगळीच लागते. गाठीला पैसे पुरेसे नव्हते. परदेशातली मंडळी शारदा सदनाला मदत करत होती, पण ती ठरावीक कामापुरती आणि ठरावीक वर्षांपुरती. तरी त्या निघाल्या. छावण्यांतून, रस्त्यांवरून उपाशी मुली, विधवा गोळा केल्या. सुमारे तीनशे जणी त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ, नव्या माणसांना तिथे ठेवायला सरकारची मनाई. मग या मुली केडगावच्या माळावर तंबूत राहिल्या. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावला राहणाऱ्यांची संख्या दीड हजारावर गेली.

मैत्रिणींनो, दीड हजार माणसांचं रोजचं पीठ किती लागत असेल याचा अंदाज तुमच्याइतका कुणाला येणार? रमाबाई रोज सकाळी देवापुढे बसायच्या आणि त्या दिवसाचं मागायच्या. आणि उठून कामाला लागायच्या. विहिरी खणल्या. शेती केली, गाईगुरं पाळली. मुलींना विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, रोग्यांची शुश्रूषा, छापखान्यातलं काम शिकवलं. आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन काढलं आणि मनोरमाबाईंनी त्यांना हातानं चाचपून वाचायची ब्रेल लिपी शिकवली. फसवल्या गेलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बायांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीती सदन.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. प्रार्थना केली म्हणून त्यांनी विहीर खणायची सोडली नाही, आणि विहीर खणली म्हणून प्रार्थना सोडली नाही. देवावर टेकणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. टेकू मिळाला की माणूस उभा राहतो, बसत नाही.

इथे कुणी म्हणेल, ताई, हे सगळं गोड झालं, शेवट चांगला झाला. म्हणून शेवटही सांगते. मनोरमा मोठी झाली, शिकली, आईच्या कामाचा उजवा हात झाली. आपल्यामागे लेक सगळं बघेल असं रमाबाईंनी धरलं होतं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांच्या होत्या. रमाबाईंचं वय त्रेसष्ट, कानांनी कमी ऐकू येत होतं. देवावर एवढा भरवसा टाकणाऱ्या बाईची एकुलती एक लेक तिच्या आधी गेली.

याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी उत्तर देत असेल तर जरा जपून ऐका. लेकरू गेलेल्या आईला देवाची इच्छा, देवाची परीक्षा, तुझी प्रार्थना कमी पडली, असलं काही सांगू नये. तिच्याजवळ बसावं, तिच्या घरी भाकरी नेऊन द्यावी. एलीयाला देवानं तेच दिलं.

एवढं मात्र मी सांगू शकते की रमाबाई त्या दुःखातही मोडून पडल्या नाहीत. त्यांचं एक काम हातात होतं. पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल असं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या होत्या. पंधरा वर्षांहून जास्त काळ ते काम चाललं होतं आणि छपाई केडगावच्या छापखान्यातच, मुलींच्या हातून होत होती. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही, तडीला नेलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुढे १९२४ मध्ये ते शास्त्र छापून पुरं झालं.

संत पौलाच्या पत्रात अशीच एक गोष्ट आहे. त्याला शरीरात काहीतरी त्रास होता, काट्यासारखा सलणारा. तो जावा म्हणून त्यानं तीनदा देवाची विनवणी केली. काटा गेला नाही. उत्तर मिळालं ते असं की माझी कृपा तुला पुरेल, तू दुबळा असशील तिथेच माझं बळ दिसेल. पौलाची मागणी एक होती, मिळालं दुसरंच. पण त्यावर त्याचं निभावलं.

आता आपल्या रोजच्या जगण्यात याचं काय करायचं, ते थोडक्यात सांगते.

एक म्हणजे, बळ आजच्यापुरतं मागा. इस्राएल लोक रानात होते तेव्हा देव त्यांना मान्ना नावाचं अन्न द्यायचा. रोज सकाळी त्या दिवसापुरतं गोळा करायचं. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी साठवलं, तर त्यात किडे पडले. आपण रात्री अंथरुणावर पडून पुढच्या दहा वर्षांचं ओझं एकदम डोक्यावर घेतो. पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, म्हातारपण. त्या दहा वर्षांचं बळ आज रात्री मिळणार नाही, कारण ते आज लागणारच नाही. उद्याचा हिशेब जरूर करा, गटात बचतही करा. पण मनावरचं ओझं आजच्या दिवसाचंच धरा.

दुसरं, देवाला हाक मारता तशी माणसालाही मारा. देवाचा हात बहुधा माणसाच्या हातातूनच येतो. जिनं हाकच मारली नाही, तिच्या भाऱ्याला बांधावरची बाई हात कशी लावणार? काळीज सारखं धडधडत असेल, झोप लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत. मनाच्या दुखण्याला डॉक्टर असतो, जसा हाडाच्या दुखण्याला असतो. आणि प्रार्थना करता म्हणून औषध बंद करू नका. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, टीबीचा पूर्ण कोर्स, हे घ्यायचंच. गोळी घेतल्यानं देवाचा अपमान होत नाही.

तिसरं, आणि हे जोरात सांगते. मार खात राहणं म्हणजे श्रद्धा नव्हे. देव सहन करायचं बळ देतो, तसं उठून बाहेर पडायचंही बळ देतो. घरात मारहाण होत असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, आणि जीव धोक्यात असेल तर ११२. रमाबाईंनी कृपा सदन काढलं ते फसवल्या गेलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बायांसाठी. तुझ्या नशिबात होतं, सोस, असं सांगून त्यांनी कुणालाही परत पाठवलं नाही.

आणि शेवटचं. ज्या भुकेनं रमाबाईंचे आईबाप नेले, त्याच भुकेच्या आठवणीनं त्यांना दुष्काळातल्या मुलींपर्यंत नेलं. देवानं त्यांना ती भूक यासाठीच दिली होती, असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी ती वाया जाऊ दिली नाही. आपण ज्या दुःखातून गेलो, त्या दुःखातली दुसरी बाई आपल्याला लांबूनही ओळखू येते. जिनं नवरा गमावला ती नव्यानं कपाळ पुसलेल्या बाईशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे जाणते. जिनं कर्जाचे दिवस काढले तिला दुसरीच्या घरातली न पेटलेली चूल दिसते. तिथे आपण गेलो की तिच्या भाऱ्याला देवाचा हात आपल्यामार्फत लागतो.

म्हणून या आठवड्यात गटाची बैठक झाली की वही मिटल्यावर लगेच उठू नका. पाच मिनिटं बसा. कुणाचा भारा जमिनीवर अडला आहे ते एकमेकींना विचारा. जिला बोलायचं ती बोलेल, जिला नाही तिला आग्रह करू नका. सल्ले देऊ नका, नुसतं ऐका. मग दवाखान्यात सोबत जायचं असेल, पोरं सांभाळायची असतील, बँकेत अर्ज भरून द्यायचा असेल, जे आपल्या हातून होईल ते एक काम ठरवा. ख्रिस्ती बहिणी सोबत प्रार्थनाही करतील, बाकीच्या आपापल्या देवाला सांगतील.

एवढं बोलून मी थांबते. देव तुम्हाला आजच्या दिवसाचं बळ देवो, आणि उद्याचं उद्या. नमस्कार.